कोरी वही, पक्की बांधणी



गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेस वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. बांबूची तोड, विक्री व मजुरी यांचे निर्णय ग्रामसभेकडे आले. अशा निर्णयांचा आधार म्हणजे ठरावांची वही. तिची पाने गळाली, तर गावाचा पुरावाच जातो.

म्हणून वहीच्या बांधणीकडे लक्ष हवे. नुसती चिकटवलेली पाने दमट हवेत सुटतात. जुजबंदीत कागद मधोमध दुमडून त्यांचे जुज करतात. प्रत्येक जुज घडीतून शिवून शेजारच्या जुजाशी दोऱ्याने जोडतात. मग पाठीस खळ लावून कापड चढवितात व पुठ्ठे बसवितात. खळीत थोडे मोरचूद असल्यास किडीचे भय कमी होते. मात्र ते विषारी असल्याने शिक्षकांनीच हाताळावे. अशा वहीतील एक पान फाडले, तर जोडीचे पानही सैल होते आणि लबाडी लपत नाही.

सुई, दोरा, खळ, कापड हे साहित्य शाळेत सहज जमते. कार्यानुभवाच्या तासास विद्यार्थ्यांनी वही बांधावी, पृष्ठांक घालून ग्रामसभेस द्यावी. जंगल राखणाऱ्या गावाने आपले दप्तरही तितक्याच निगुतीने राखले पाहिजे.