सत्तावीस माणसं आणि तीन वाटा
(शताब्दी सोहळ्यात, हरिपाठानंतर देवळात केलेले निवेदन)



महाराज मंडळी, विणेकरी, चोपदार, टाळकरी आणि समोर बसलेल्या आया-बहिणींनो, आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हटलं होतं. आमच्या घरात कीर्तनकार कोणी नाही. पण चालक म्हणाले, २०२२ साली तुमचं सगळं घर वारीला निघालं, वाट कोणती धरायची यावरून महिनाभर ओट्यावर बैठका झाल्या, तेवढंच सांगा. हल्ली बरीच घरं विचारतात. म्हणून उभे राहिलो. चुकलं तर पोटात घाला.

आमच्या चुली चार, पण ओटा एक. माणसं सत्तावीस. थोरल्या आजी तेव्हा शहात्तर वर्षांच्या, सगळ्यात धाकटी नात चार वर्षांची. आजींच्या अडतीस वाऱ्या झालेल्या. मग २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं कोरोनामुळं पायी वारी झालीच नाही, माऊलींच्या पादुका यष्टीनं पंढरपूरला गेल्या. ती दोन वर्षं आजी घरात होत्या, आणि त्या दोन वर्षांत त्यांचे गुडघे गेले. २०२२ साली वारी पुन्हा निघणार असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "औंदा सगळं घर चालायचं. पुढच्या साली मी चालंल का नाही सांगता येत नाही." यावर कोण काय बोलणार? जायचं ठरलं. प्रश्न राहिला वाटेचा.

आता आपलं गाव कसं बसलंय बघा. कल्याण-नगर रस्त्याला पश्चिमेकडं ओतूर, पूर्वेकडं आळे. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी. तुकोबांना स्वप्नात उपदेश झाला तो त्यांचा. आळ्याला, ज्याच्या तोंडून माऊलींनी वेद वदवले त्या रेड्याची समाधी. म्हणजे आपण तुकोबांच्या गुरूंच्या आणि माऊलींच्या रेड्याच्या मधोमध राहतो. मग वारी कोणाबरोबर करायची? हा वाद आमच्या घरात खरोखर झाला, हसू नका. धाकट्या काकूंचं माहेर ओतूरचं. त्या म्हणाल्या, गुरूंच्या गावची लेक मी, एकदा तरी देहूहून चालू द्या. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी पालखी सुरू केली, म्हणजे जुना मान तिकडचा. माऊलींचा आजचा सोहळा हैबतबाबांनी घालून दिला तो त्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

वाट म्हणूनही ती हलकी. लोणी काळभोर, यवत, वरवंड, मग रोटीचा घाट, बारामती, इंदापूर, अकलूज. रोटीचा घाट दिवेघाटासारखा जीव काढत नाही. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं, ते पोरांना बघायचं होतं.

दुसरी वाट आपली नेहमीची. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, खेड, चाकण करत आळंदी. हे ऐंशीएक किलोमीटर झालं की मग माऊलींबरोबर पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी.

तिसरी वाट धाकट्या काकांनी काढली. बेल्ह्यावरून पाबळ, शिक्रापूर करत थेट जेजुरी गाठायची आणि तिथं आपल्या दिंडीत मिसळायचं. पुण्याची गर्दी नाही, दिवेघाट नाही, नाशिक हायवेचे कंटेनर नाहीत. ऐकायला झकास. पण थोरल्या बापूंनी विचारलं, मुक्काम कुठं? पालखीच्या वाटेवर गावंच्या गावं भाकरी घेऊन उभी असतात. सत्तावीस माणसं बिगर पालखीची कोणाच्या दारात उतरवायची? शिवाय पहाटे चारला निघायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊस. आपल्याकडं बिबट्याची धास्ती काय असते ते बाहेरच्याला कळणार नाही, तुम्हाला सांगायला नको. बारक्या पोरांना घेऊन अंधारात त्या वाटेनं जायला एकही सून तयार झाली नाही.

खरं सांगायचं तर आम्ही पुरुष मंडळी मान, परंपरा, घाट असल्याच गोष्टी बोलत होतो. सुनांनी विचारलं ते वेगळंच. अंघोळीला आडोसा कुठं? संडासची सोय कोणत्या वाटेवर बरी? पाळी आली तर काय करायचं? आजी फाटकन म्हणाल्या, "अडतीस वर्षं आम्ही अंधारातच उठून जात होतो, कोणी विचारलं नाही." त्यावर ओटा गप्प झाला. मग चौकशी केली. पालख्यांच्या मुक्कामाला आता फिरते संडास असतात, टँकर असतात, डॉक्टर असतात. अपुरे पडतात, रांगा लागतात, पण असतात. तिसरी वाट तिथंच मागं पडली.

देहू की आळंदी हे ठरलं ते दिंडीमुळं. आपली दिंडी माऊलींच्या सोहळ्यात. ट्रक, राहुट्या, आचारी, विणा, सगळं तिकडं. भिशी भरली की ताट आणि अंथरायला जागा नक्की. तुकोबांबरोबर जायचं तर सत्तावीस जणांना तिथल्या दिंडीत कोण घेणार, आणि घेतलं तरी आपल्या माणसांपासून तुटणार. काकू शेवटी म्हणाल्या, "पुण्यात दोन्ही पालख्या असतात ना? मी नाना पेठेत जाऊन तुकोबांच्या पादुकांवर डोकं ठेवीन. आणि हडपसरला वाटा फुटतात तिथं माझा विचार बदलला तर मला अडवायचं नाही." नाही बदलला. पण पुढं काय झालं ते सांगतो.

एवढं झाल्यावर आजींचा प्रश्न आलाच. डॉक्टरांनी घाट चढू नका म्हणून सांगितलेलं. बापू म्हणाले, "आई, घाटापुरतं ट्रकात बस." आजी म्हणाल्या, "ट्रकात बसून गेलं ती वारी का? त्यापरीस मी दशमीला यष्टीनं येते." दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत. बापूंनाही जेवण गेलं नाही.

हा गुंता सोडवला मधल्या सूनबाईंनी. दिंडीचं वेळापत्रकाचं पत्रक असतं ना, ते त्यांनी ओट्यावर पसरलं आणि पेन्सिलीनं एकेका टप्प्यापुढं माणसांची नावं लिहिली. पुणे ते सासवड बत्तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट, वर एकादशीचा उपास. तिथं फक्त धडधाकट नऊ जण. सासवड ते जेजुरी आणि जेजुरी ते वाल्हे हे टप्पे बेताचे, तिथं पोरं चालतील. लोणंद ते तरडगाव लहान, आठेक किलोमीटर, आणि मधे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. त्याच्यापुढं लिहिलं, आजी. वाखरी ते पंढरपूर, सगळे. आजींनी पत्रक वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "लिंबाचं रिंगण दिलं व्हय मला? बरं मग."

गाईंच्या धारा आणि टोमॅटोचा तोडा होताच. नारायणगावच्या बाजारात माल रोज न्यावा लागतो. चार जणांनी मागं राहायचं, दहा दिवसांनी अदलाबदल करायची असं ठरलं.

निघालो. गावातून आळ्यापर्यंत सगळे चालत, रेड्याच्या समाधीला नारळ फोडला. तिथून पोरं आणि आजी टेम्पोनं आळंदीला, बाकीचे दिंडीबरोबर पायी. २१ जूनला माऊलींचं प्रस्थान झालं.

पुण्यात आमच्या हातून चूक झाली. आठ वर्षांचा नातू भवानी पेठेतल्या गर्दीत सुटला. ज्याच्या त्याच्या मनात, तो दुसऱ्याबरोबर आहे. तीन तास सापडला नाही. त्याच्या आईची अवस्था आम्ही सांगत नाही. शेवटी फोन आला. पोरगं नाना पेठेत, तुकोबांच्या एका दिंडीत पंगतीला बसलेलं. हातावर पेनानं नंबर लिहिला होता म्हणून मिळालं. काकू म्हणाल्या, घ्या, माझ्या वाटणीची दिंडी यानं केली. आता कोणी पोरं घेऊन जाणार असाल तर एवढं ऐका. नंबर हातावर लिहा, दिंडीचा क्रमांकही लिहा, आणि एका पोरामागं एकच माणूस नेमा. सगळे मिळून बघू म्हटलं की कोणीच बघत नाही.

दिवेघाट नऊ जणांनी केला. सासवडला सगळे परत एकत्र आले. आजी तोवर ट्रकातच होत्या. पण त्या बसल्या नाहीत, रोज आचाऱ्याबरोबर भाजी निवडत आल्या. विचाराल तर आजही म्हणतील, मी ट्रकात बसले नव्हते, कामाला होते. लोणंदपासून त्या चालल्या. आठ किलोमीटरला दिवस गेला. लिंबापाशी घोडा धावला, त्याच्या टापांखालची माती त्यांनी कपाळाला लावली, पदरातही बांधली. ती पुडी अजून देव्हाऱ्यात आहे.

त्या साली जूनभर पावसानं ओढ दिलेली, पेरण्या अडलेल्या. म्हणून तर घरातली इतकी माणसं मोकळी होती. जुलै उजाडला आणि पाऊस लागला. गावाकडून फोन, वापसा झाला की लगेच पेरलं पाहिजे. फलटणच्या पुढून दोन भाऊ माघारी फिरले. फिरताना एकानं चपला काढून रस्त्याला नमस्कार केला आणि पुन्हा मागं बघितलं नाही. वाखरीला आम्ही मोजले तर एकवीस भरले. आजी त्या एकवीसात होत्या. पंढरपूरपर्यंतचा टप्पा त्या नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. एकोणचाळिसावी वारी त्यांनी मोजली. बापूंनी ट्रकाचं नाव काढलं नाही.

आजी समोर बसल्यात, त्यांना विचारून खात्री करा. पुढच्या सालापासून त्या फक्त लोणंद ते तरडगाव करतात. पेन्सिलीचं ते पत्रक जपून ठेवलंय. कोणाला हवं असेल तर उतरवून घ्या.

राहिलं एक. धाकट्या काकांनी बेल्ह्याची वाट सोडलेली नाही. पोरं आणि बायका न घेता, सहा गडी जेजुरीपर्यंत त्या वाटेनं चालून बघणार आहेत, उजाडल्यावर निघायचं या अटीवर. पाबळच्या अलीकडं एका रात्रीच्या मुक्कामाची जागा मिळत नाही. कोणाचे पाहुणे, लेकी-जावई त्या बाजूला असतील तर पंगतीनंतर काकांना भेटा. ते तिकडं खांबापाशी बसलेत.

रामकृष्ण हरी.