काडतुसांतील रिकामी जागा

झाडलेलें काडतूस फेंकून न देतां त्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून तें पुन: वापरण्याचा छंद अमेरिकेंतील पुष्कळ नेमबाजांस आहे. खर्च वांचतो हें एक कारण. आपल्या रिव्हॉल्व्हरला मानवेल अशी भरणी शोधून नेम अचूक करावा, हें दुसरें. या सर्व उद्योगाचा प्राण एका लहानशा मापांत आहे.

तें माप म्हणजे ग्रेन. जुन्या एका तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित् अधिक. १८७३ सालीं निघालेल्या ४५ कॅलिबरच्या कोल्ट काडतुसांत सुमारें ४० ग्रेन काळी दारू भरीत. तिनें पितळी नळकांडें भरून जाई. त्यामुळें कोणी चुकून दुप्पट दारू घालूं लागला, तरी ती मावत नसे. पुढें निर्धूम दारू आली. ती इतकी जोरकस कीं, तिच्या कित्येक जातींचें माप काळ्या दारूच्या चौथ्या हिश्शाहूनहि कमी भरतें. नळकांडें मात्र पूर्वीएवढेंच राहिलें. तळाशीं चिमूटभर दारू आणि वर रिकामी जागा! भरणाऱ्याचें लक्ष क्षणभर चळलें आणि एकाच नळकांड्यांत दोनदां दारू पडली, तरी ती सुखानें मावते. वर गोळी बसली कीं चूक झांकली जाते. ती उघडी पडते चाप ओढल्यावर.

म्हणून जाणते लोक कांहीं नियम कटाक्षानें पाळतात. मेजावर एका वेळीं एकाच जातीच्या दारूचा डबा असावा. दारू कांट्यावर तोलावी आणि गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक नळकांड्यांत दिव्याच्या उजेडांत डोकावून पाहावें. दारू बनविणाऱ्यांनीं छापलेल्या कोष्टकांतील आरंभीच्या अल्प मापापासून प्रारंभ करावा व पायरीपायरीनें चढावें. कोष्टकाची मर्यादा ओलांडूं नये. गोळी ठरल्याहून खोल दाबली तरी आंतला दाब वाढतो. आणि सैल राहिली, तर झटक्यासरशीं शेजारच्या घरांतील गोळी पुढें सरकून फिरतें चाक अडतें. याकरितां नळकांड्याची कड गोळीच्या खांचेंत नीट वळवावी लागते.

अधिक जोराचा मोह किती महाग पडतो, याचें उदाहरण एल्मर कीथ याचें आहे. आयडाहो प्रांतांतील या प्रसिद्ध नेमबाजाचें ४५ कॅलिबरचें रिव्हॉल्व्हर १९२५ सालीं भारी भरणीनें फुटलें. त्यानंतर त्यानें ४४ कॅलिबर स्वीकारलें. कारण तेवढ्याच चाकांत घरें थोडीं अरुंद पाडल्यानें भोंवतालचें पोलाद जाड राहतें. त्याच्या दीर्घ आग्रहाची परिणति १९५५ सालीं ४४ मॅग्नम काडतुसांत झाली. तें काडतूस मुद्दाम अंमळ लांब केलें; कारण जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरांत तें शिरूंच नये!

भारतांत १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें बनवितां येत नाहींत. परंतु या विद्येंतील शिकवण सर्वत्र लागू आहे. सर्वांत अचूक भरणी बहुधा सर्वांत जोराची नसते. ती सर्वांत एकसारखी असते. काडतुसागणिक तेंच वजन, तीच खोली, तीच तपासणी! शंभराव्या काडतुसासहि पहिल्याइतकेंच लक्ष देणारा हातच नेम साधतो, आणि सुखरूप राहतो.