रक्तशर्करा तपासणी : यंत्र दिले, पट्टीचे काय?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कापड व्यापारी आहे. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये, एवढे जन्मभर शिकलो. स्वतः इन्सुलिन घेऊ लागल्यावर तोच नियम औषधालाही लागू आहे, हे उमगले.

काही वर्षांपूर्वी आपण शिबिरात वेल्हे भागातील इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना ग्लुकोमीटर दिले. छायाचित्रे निघाली, आपण धन्य झालो. त्यांपैकी एक शेतकरी भगिनी पुढे दुकानात आल्या. म्हणाल्या, "शेठ, मशीन फडताळात हाय. पट्ट्या महिन्यातच सरल्या." एके पहाटे साखर उतरून त्यांना दरदरून घाम फुटला, त्या असंबद्ध बोलू लागल्या. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली. आशाताईंनी वेळीच ओळखून साखरपाणी पाजले, म्हणून त्या वाचल्या. यंत्र एकदाच द्यावे लागते. पट्टी मात्र दर तपासणीला नवी लागते. हा साधा हिशेब मी बी.कॉम. होऊनही मांडला नव्हता!

शासनाने 2010 साली असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तिशीपुढील व्यक्तींची साखर उपकेंद्रातही तपासली जाते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क झाले. हे स्तुत्यच आहे. परंतु रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी वेगळी आणि इन्सुलिनची मात्रा ठरविण्यासाठी घरी रोज करावयाची तपासणी वेगळी. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर हिरडस मावळातील वाडीवरून भोरचे रुग्णालय गाठेपर्यंत वेळ थांबत नाही.

इंग्लंडमध्ये टाइप 1 मधुमेहाच्या सर्व प्रौढ रुग्णांना, दंडावर बसवून साखर सतत दर्शविणारा संवेदक सरकारी सेवेतून द्यावा, अशी शिफारस 2022 साली झाली. आपण निदान पट्टी तरी मागू या.

माझी विनंती दोन गोष्टींची. इन्सुलिन घेणाऱ्यांना औषधाबरोबरच दरमहा पट्ट्या मिळाव्यात, असे निवेदन आपण भोर व वेल्हे येथील सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांना द्यावे. तोवर नवी यंत्रे वाटण्याऐवजी, दिलेल्या यंत्रांच्या पट्ट्यांचा वर्षभराचा खर्च न्यासाने उचलावा. पावसाळ्यातील दमट हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात. म्हणून त्या थोड्याथोड्या, बंद डबीतच द्याव्यात.

औषधदानाची आपली परंपरा थोर आहे. औषधाची मात्रा ठरविणारे मापही त्याच दानात मोजावे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.