आपल्या लेकरांचा अभ्यास आपणच करू



बक्षीस मिळवणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांचे आईवडील आज या मंडपात नाहीत, कारण ते ऊसतोडीला फडावर आहेत, त्यांचं थोडं अधिक अभिनंदन. घर मागे सांभाळून तुम्ही शिकता आहात.

मी बालविकास आणि मानसशास्त्र हे विषय शिकले, आता शिकवते. आज तुम्हाला या अभ्यासाकडे बोलवायला तिसगावात आले आहे.

लोक विचारतात, पोरं वाढवायला विद्यापीठ कशाला? आजीला सगळं कळतं. आजीला कळतं, हे खरंच आहे. पण कोणतं बाळ आपल्या चालीनं वाढतंय आणि कोणाला वेळीच मदत हवी, हे सांगायचं तर शेकडो मुलं एकाच शिस्तीनं पाहावी लागतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी हेच काम केलं. अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी तान्ह्या मुलांसाठी चाचण्या तयार केल्या होत्या. पण तिथल्या बाळाचं माप इथल्या बाळाला कसं लावणार? फाटकबाईंनी बडोद्यातली बाळं तपासली आणि इथली प्रमाणकं काढली. त्यातून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी मापनश्रेणी उभी राहिली. हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ कसोट्या त्यात आहेत. पुढे तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रानं बडोद्याच्या या प्रमाणकांतल्या १७ कसोट्या निवडून एक सोपा तक्ता केला. काही मिनिटांत बाळाची प्राथमिक तपासणी होऊ शकते, ती अशा कामामुळे.

या शिक्षणात आम्ही आधी पाहायला शिकतो. अंगणवाडीत बसून वहीत नोंद करायची असते. ‘मूल हट्टी आहे’ असं लिहिलं की शिक्षक ते खोडतात. ‘मुलानं वाटी तीनदा खाली टाकली आणि प्रत्येक वेळी आईकडे पाहिलं’ असं लिहावं लागतं. मत बाजूला ठेवून मूल पाहायची ही सवय लागली, की लेकराला नाव ठेवण्याआधी माणूस त्याचं कारण शोधू लागतो.

आता आपल्या पाथर्डी तालुक्याकडे या. दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोपीवर म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहायला जाणारं तीन वर्षांचं मूल कोणाशी बोलतं, कोणाशी खेळतं? धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालतं? आजी-आजोबांजवळ गावात राहिलेलं मूल सहा महिने आईची वाट कशी पाहतं? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण गाव सोडून गेलेल्या लेकराची वाढ समजून घ्यायची, तर त्याचं जगणं ठाऊक असलेलं माणूस हवं. फडावरची पहाट, मुकादमाची उचल, कोपीतली चूल तुम्हाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून हे संशोधन तुमच्या हातून व्हावं, असं मला कळकळीनं वाटतं.

वाट अवघड नाही. बारावी कोणत्याही शाखेतून झाली, तरी मानसशास्त्र घेऊन बी.ए. करता येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. मुलींसाठी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात मानवी विकास हा विषय आहे. ही सरकारी विद्यापीठं आहेत, म्हणजे तुमच्या आईबापांच्या कराच्या पैशावरही उभी आहेत. तिथे संकोचानं जाऊ नका. शिष्यवृत्तीची चौकशी आपल्या शिक्षकांकडे आताच करा. पुढे शाळेत समुपदेशक, अंगणवाडी पर्यवेक्षिका किंवा संशोधक होता येतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते, हे ध्यानात ठेवा.

पालकांना एकच विनंती. मुलगी म्हणाली, ‘मला मानसशास्त्र घ्यायचंय’, तर ‘त्याचा काय उपयोग’ असं म्हणू नका. तिला अर्ज भरू द्या. उद्या याच तालुक्यातल्या मुलांबद्दल जी पुस्तकं लिहिली जातील, त्यांवर तुमच्या मुलामुलींची नावं असावीत.