दुखऱ्या खांद्याचा व्यायाम



व्यायामशाळेत नेमाने जाणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. वजन जरा वाढवलं की खांदा धरतो. पंधरा दिवस सुट्टी घेतली की बरं वाटतं. मग पुन्हा तेच वजन आणि पुन्हा तेच दुखणं.

असं का होतं? स्नायू काही आठवड्यांतच जोर दाखवू लागतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला मात्र रक्तपुरवठा कमी असतो आणि बळकट व्हायला तिला कित्येक महिने लागतात. अंगात ताकद आल्यासारखी वाटते, म्हणून आपण वजन वाढवतो आणि मागे राहिलेली कंडरा कुरकुरते. नुसत्या विश्रांतीने दुखणं ओसरतं, पण कंडरेची ताकद काही वाढत नाही; त्यासाठी बेताचा व्यायामच लागतो.

दुसऱ्या महायुद्धात डॉ. थॉमस डिलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर शिकागोच्या रुग्णालयात गुडघे दुखावलेल्या सैनिकांकडून वजनाचे व्यायाम करून घेत. 1945 साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दहा-दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट होते. पुढे 1948 मध्ये त्यांनीच हे फार होतं असं ठरवून तीन सेटांवर आणलं: पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण आणि तिसरा पूर्ण. वजनाचा व्यायाम रुग्णालयात रुजवणाऱ्या माणसाने स्वतःच्याच आराखड्याला कात्री लावली, तर व्यायाम कमी करण्यात आपल्याला कमीपणा कसला?

तेव्हा व्यायाम सोडू नका, त्याचं माप बदला. वजन, सेट, वेग, हालचालीची खोली आणि आठवड्यातले दिवस, यांतली एकच गोष्ट एका वेळी बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. बैठकांनी गुडघा दुखत असेल तर स्टूल ठेवून तेवढंच खाली बसा. जोर मारताना खांदा बोलत असेल तर हात जमिनीऐवजी ओट्यावर टेका. वजन खाली आणताना मनात तीन आकडे मोजा. हलकं वजनही पुरेसं काम देतं.

शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दुखणं तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसेल, तर बहुधा तेवढा व्यायाम चालतो. वाढलं असेल तर एक पायरी खाली या. नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या किंवा दंड भरून येतात, ते निराळं. ते आपोआप जातं.

मात्र सांधा सुजला, हातापायाला मुंग्या आल्या, दुखण्याने झोपमोड झाली, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं तर व्यायाम तिथेच थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी एक वही करावी. तिच्यात किती उचललं हे लिहालच. त्याशेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा कसा होता, तेही लिहा. पुढच्या आठवड्याचं वजन त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरवा.