कार्ड घरात आहे, वापरतं कोण?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, विमा कंपनीचा माणूसही नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरी करतो. कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो म्हणून ऑफिसातल्या हेल्थ कार्डांचं काम माझ्या गळ्यात पडलं. नावं चढवणं, आधार, फोटो, आणि कुणी हॉस्पिटलात अडकलं की फोनाफोनी. या कामात जे दिसलं तेवढंच सांगतो.

आपल्या हैदराबादेतल्या पुष्कळ मराठी घरांत कुणी तरी राज्य सरकारात आहे किंवा पेन्शनर आहे. म्हणजे एम्प्लॉईज हेल्थ स्कीम, आपण ईएचएस म्हणतो ती, घरात आहे. एकत्रित आंध्र असताना 2013 साली तिचा आदेश निघाला, तेलंगण झाल्यावर आपल्या राज्याने ती पुढे चालवली. नवरा किंवा बायको, अवलंबून असलेले आईवडील, 25 वर्षांखालचा बेरोजगार मुलगा, आणि बेरोजगार मुलगी, मग ती अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित. कागदावर बाईला कुठे कमी दिलेलं नाही.

पण मला येणारे फोन ऐका. साहेबांची अँजिओप्लास्टी, मुलाचा बाईकवरून पडून मोडलेला हात, वडिलांचा प्रोस्टेट. हे फोन दिवसा, ऑफिसच्या वेळात येतात, कारण तारीख आधी ठरलेली असते. बायकोसाठी फोन येतो तो बहुधा रात्री, आणि तेव्हा तिला इमर्जन्सीत आणलेलं असतं.

हे आमच्याच ऑफिसातलं म्हणाल तर तसं नाही. राजस्थानात भामाशाह स्वास्थ्य विमा योजना होती. ती गरीब कुटुंबांसाठी, नोकरीतून मिळणारी नव्हे, पण दाखल झाल्यावर बिल सरकारने भरायचं ही गोष्ट तीच. पास्कलीन दुपा आणि राधिका जैन या दोघींनी तिथल्या 40 लाखांहून जास्त हॉस्पिटल-भेटींचा हिशेब तपासला. लहान मुलांत मुली होत्या 33 टक्के. वृद्धांत बायका 43 टक्के. म्हातारपणी बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त असते, तरी हा आकडा. म्हणजे पैशाची अडचण बरीचशी काढली तरी बाकी काही तरी उरतंच.

काय उरतं? आपल्या योजनेचा मुख्य भर दाखल होण्यावर आहे. दाखल होणं म्हणजे चार दिवस घराबाहेर. नवरा दाखल झाला तर बायको डबा घेऊन हजर. बायको दाखल झाली तर डबा कोण करणार? मग नांदेडहून नाही तर लातूरहून बहीण येऊ शकेल तेव्हाची तारीख. बहिणीच्या मुलाची परीक्षा, की तारीख पुढे. त्यात कार्डाचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये. ती एकटी डॉक्टरकडे गेली तर काउंटरवर सांगणार काय?

आमच्याच घरचं सांगतो. वडिलांना मोतीबिंदू आहे कळलं आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं. आईला त्याच वर्षी डॉक्टरांनी तेच सांगितलं. ती म्हणाली, "एका डोळ्यानं दिसतंय की, घाई काय?" पुढची दोन वर्षं ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती. शेवटी मी विचारणं सोडलं, तारीख घेऊन आलो आणि रिक्षा दारात उभी केली. आता वर्तमानपत्रातलं शब्दकोडं माझ्याआधी तीच सोडवते.

दाखल व्हायच्या आधीच्या पायरीवर तर आपण उभेच राहत नाही. खैरताबाद आणि वनस्थळीपुरमला कर्मचारी आणि पेन्शनरांसाठी वेलनेस सेंटर आहेत. तपासणी, रक्ताच्या चाचण्या, औषधं. गौरीच्या सामानासाठी सुलतान बाजारच्या तीन फेऱ्या होतात, खैरताबादची एक होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 सांगते की देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के. आणि 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झालेली नाही.

याला एक उलटी बाजू आहे, आणि ती आपल्याच राज्याची आहे. त्याच पाहणीत तेलंगणात 15 ते 49 वयाच्या शंभरात साधारण आठ बायकांची गर्भपिशवी काढलेली आहे. देशात हा आकडा तीनच्या जवळपास. आरोग्यश्रीतून खाजगी हॉस्पिटलांत ही ऑपरेशनं इतकी वाढली, की एकत्रित आंध्राच्या सरकारला ती सरकारी हॉस्पिटलांपुरती ठेवावी लागली. जिची तपासणी कुणी करत नाही, तिची पिशवी मात्र चटकन निघते. म्हणून बायकांनी कार्ड जास्त वापरावं एवढंच म्हणून मी थांबत नाही. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर दाखवा.

आता नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी. नियमात 'अवलंबून असलेले आईवडील' असं आहे. ते मुलाचेच असा शब्द नाही. आमच्या अकाउंट्समधल्या एका मॅडमना बारा वर्षं वाटत होतं की लग्न झाल्यावर माहेरचं नाव चढत नाही. त्यांची विधवा आई त्यांच्यावरच अवलंबून होती. नाव चढवलं. सासरी दोन दिवस अबोला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "विहीणबाईंचं बीपी दाखवलं का?"

नियम बदलत राहतात, नव्या योजनेच्या गोष्टीही ऐकू येतात. पण कुठलीही योजना आली तरी कार्डावर नाव, फोटो आणि जन्मतारीख बरोबर हवी. नाव आधारवर एक आणि सर्व्हिस बुकात दुसरं, हा घोळ सर्वांत जास्त बायकांचाच असतो, कारण आपल्याकडे लग्नात नाव बदलतं. तो रात्री इमर्जन्सीच्या काउंटरवर निस्तरत नाही.

उद्या आणि परवा आरतीनंतर मी स्टेजच्या उजवीकडच्या टेबलाशी बसणार आहे. येताना कार्डाचा नंबर आणि आधार आणा. आणि साहेब, तुम्ही एकटे येऊ नका. वहिनींना फोनसकट घेऊन या, नंबर त्यांच्या फोनमध्ये घालायचा आहे.