डाव मोडतो कोठें ?

बारामतीजवळचें कन्हेरी हें गांव तेथील मारुतीमुळें महाराष्ट्रभर ठाऊक आहे. निवडणुकीच्या प्रचाराचा पहिला नारळ त्या मारुतीपुढें फोडण्याचा प्रघात पवार घराण्यानें वर्षानुवर्षें पाळला आहे. अशा या गांवांत, दिवेलागण झाल्यावर, एक मुलगा ओसरीवर बसून मोबाईलवर बुद्धिबळ खेळत आहे अशी कल्पना करावी. प्रतिपक्षी पोलंडांत किंवा ब्राझीलमध्यें आहे. दोघांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं. मुलाचा डाव वरचढ होत आला आहे. दोन चालींत शह, तिसरींत मात, असा हिशेब त्यानें मनांत मांडला आहे. आणि नेमक्या त्याच क्षणीं पटावरील मोहरीं थिजतात. घड्याळ मात्र थिजत नाहीं. जोडणी परत येते तेव्हां डाव संपलेला असतो आणि मुलाच्या नांवापुढें पराभव लिहिलेला असतो. पलीकडच्या खेळाडूस यांतलें कांहींच ठाऊक नसतें. समोरचा गडी न सांगतां उठून गेला, इतकेंच त्याला दिसतें.

मग घरांत तीन मतें निघतात. आजोबा म्हणतात, "हे खेळच खोटे." वडील म्हणतात, "कंपनी पैसे घेते आणि सेवा देत नाहीं." मुलगा कांहींच म्हणत नाहीं; तो राउटरची कळ बंद करून पुन्हां चालूं करतो. कदाचित् तिघांपैकीं एखाद्याचें बरोबरही असेल. परंतु नाडी न पाहतां तिघांनींही औषध सांगून टाकलें आहे.

वास्तविक नाडी पाहण्याची रीत या मुलुखाला नवी नाहीं. नीरेचा डावा कालवा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांना पाणी देतो. शेवटच्या शेतांत पाणी पोंचलें नाहीं म्हणजे जाणता शेतकरी एकदम धरणावर जाऊन भांडत नाहीं. तो पायाखालच्या सरीपासून निघतो. दंड फुटला आहे काय, चारींत गवत माजलें आहे काय, फाट्याचें दार उघडें आहे काय, असें पाहत पाहत तो वर जातो. वरच्या ठिकाणीं पाणी आहे आणि खालच्या ठिकाणीं नाहीं असें दिसलें, कीं दोष त्या दोहोंच्या मध्यें आहे हें त्यास कळतें. इंटरनेटचा दोषही असाच शोधावयाचा असतो : जवळून दूर, आणि एका वेळीं एकच पायरी.

मात्र पाणी आणि खेळ यांत एक भेद आहे. पाण्याचा हिशेब परिमाणाचा, खेळाचा हिशेब वेळेचा. चित्रपट पाहतांना यंत्र पुढचा कांहीं भाग आधींच साठवून ठेवतें. म्हणून मध्यें दोनचार सेकंद प्रवाह खंडित झाला तरी पाहणाऱ्यास पत्ता लागत नाहीं. खेळांत पुढची चाल साठवतां येत नाहीं, कारण ती अजून कोणी खेळलेलीच नसते. शिवाय खेळतांना जाणारीयेणारी माहिती अगदीं अल्प असते. "चित्रपट नीट चालतो, मग खेळच कसा तुटतो ?" या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तर हेंच, आणि अधिक वेगाची महाग योजना घेऊन हा रोग बहुधा बरा होत नाहीं तोही याचमुळें. पाहावयाच्या गोष्टी तीन : निरोप जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, ज्याला खेळाडू 'पिंग' म्हणतात, त्या वेळांतील चढउतार, आणि वाटेंत हरवणारे निरोप. पिंग सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलिसेकंदांत, मोजतात.

पहिली पायरी हातांतल्या यंत्राची. डाव तुटला त्याच क्षणीं, त्याच वाय-फायवर, घरांतील दुसऱ्या मोबाईलवर एखादें पान उघडून पाहावें. तें सहज उघडलें तर घराची जोडणी बहुधा शाबूत आहे. संशय खेळणाऱ्याच्या यंत्रावर किंवा खेळ चालविणाऱ्यांच्या सर्व्हरवर घ्यावा. मोबाईलची एक खोड अशी कीं, वाय-फाय क्षीण झाल्याबरोबर तो पुष्कळदां आपण होऊन सिमकार्डाच्या जाळ्यावर उडी मारतो. त्या उडीबरोबर त्याचा इंटरनेटवरील पत्ता बदलतो, आणि सर्व्हरला वाटतें कीं पहिला गडी गेला व कोणी परका आला. पत्रोत्तर चालूं असतां न कळवितां बिऱ्हाड बदलावें तसा हा प्रकार. खेळतांना दोहोंपैकीं एकच जोडणी चालूं ठेवली म्हणजे ही तक्रार मिटते.

दुसरी पायरी यंत्र आणि राउटर यांमधल्या हवेची. घरोघरच्या वाय-फायच्या लहरी मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालतात. पहिला पट्टा दूरवर पोंचतो. परंतु त्याच पट्ट्यांत शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचीं उपकरणें आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी हीं सर्व गर्दी करतात. दुसरा पट्टा मोकळा, पण जाड भिंतीपाशीं लवकर दमतो. दगडी भिंत, पत्रा, लोखंडी कपाट हे लहरींचे शत्रु; आणि राउटर तर पुष्कळ घरांत नेमका कपाटामागेंच ठेवलेला असतो. याची परीक्षा सोपी आहे. संगणक राउटरला तारेनें जोडून खेळावें. तारेवर डाव तुटेनासा झाला तर दोष हवेंतला ठरला. संगणकाला आज्ञा देतां येत असेल तर प्रथम राउटरला व मग बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला पिंग करून पाहावें. राउटरचें उत्तर दोनचार मिलिसेकंदांत न चुकतां येतें आणि बाहेरचीं उत्तरें मात्र गळतात, असें दिसलें तर आपल्या घरांतली हवा निर्दोष आहे; आतां उंबऱ्याबाहेर पाहावें.

तिसरी पायरी राउटरपासून बाहेर जाणाऱ्या वाटेची. ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखी बारीक कांच. तिच्यांतून प्रकाश धांवतो. ती आखूड वळणानें दुमडली, दारांत चिमटली किंवा उंदरानें कुरतडली कीं प्रकाश गळतो. घरांतील पेटीवर यासाठीं एक दिवा असतो. तो तांबडा झाला म्हणजे पुरेसा प्रकाश घरापर्यंत पोंचतच नाहीं, आणि मग राउटरची कळ कितीही वेळां दाबली तरी व्यर्थ. विजेची परीक्षाही येथेंच करावी. वीज क्षणभर जाऊन आली तर दिवा नुसता लुकलुकतो. राउटर मात्र पहिल्यापासून सुरू होतो आणि त्यांत एकदोन मिनिटें जातात. त्याला लहानशी बॅटरी लावली कीं हा दोष जातो. ज्या घरीं तार नाहीं आणि सारी भिस्त मोबाईलच्या मनोऱ्यावर आहे, तेथें संध्याकाळची वेळ पाहावी. एका मनोऱ्याखालचीं सारीं घरें त्या वेळीं एकदम जागीं होतात, आणि जें एकाला पुरतें तें शंभरांत वांटावें लागतें.

या तिन्ही पायऱ्या चढतांना हातांत एक वही असावी. तारीख, वेळ, पेटीवरील दिव्याचा रंग, दुसरा मोबाईल चालत होता कीं नाहीं, एवढें टिपलें तरी पुरे. रोज रात्रीं आठच्या सुमारास डाव तुटतो असें दिसलें तर गर्दीचा संशय घ्यावा. पाऊस पडला कीं तुटतो असें दिसलें तर बाहेरच्या एखाद्या सांध्याचा. कंपनीकडे तक्रार नेतांना "नेहमीं तुटतें" या वाक्यापेक्षां आठ दिवसांच्या नोंदींना अधिक वजन असतें. आणि एका दिवशीं एकच बदल करावा. राउटर हलविला, योजना बदलली आणि मोबाईलही नवा घेतला, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं.

चौथी पायरी मात्र कोणाच्याही अंगणांतली नाहीं. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. मुंबईपासून सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटर. सर्व्हर तेथें असला तर निरोपाला जाऊन येण्यास जवळजवळ ४० मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षांतली वाट वळणावळणाची असल्यामुळें त्याहून अधिक. ही वाट समुद्रतळाच्या केबलींतून जाते. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि हजारों मैलांवर भारतांतलें इंटरनेट मंदावलें.

या पायरीवर डाव मोडला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेंच आहे. २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें बुद्धिबळाचें ऑलिंपियाड 'फिडे' या जागतिक संघटनेनें इंटरनेटवर भरविलें. भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराती होता, आणि संघांत नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती. उपांत्यपूर्व फेरींत अर्मेनियाच्या एका खेळाडूची जोडणी निहाल सरीनविरुद्धच्या डावांत तुटली आणि तो डाव भारताला मिळाला. अर्मेनियानें दाद मागितली; परंतु आपली जोडणी सांभाळणें ज्याचें त्यानें, असा नियम असल्यामुळें ती फेटाळली गेली. अर्मेनियानें निषेध म्हणून पुढची लढत सोडली.

३० ऑगस्टला भारत आणि रशिया यांचा अंतिम सामना झाला. पहिल्या फेरींत सहाही डाव बरोबरींत सुटले. दुसऱ्या फेरींत निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली, घड्याळें चालत राहिलीं, आणि दोघांच्या नांवावर वेळेअभावीं पराभव लागला. रशिया ४.५ विरुद्ध १.५ असा जिंकल्याचें जाहीर झालें. भारतानें दाद मागितली. त्याच दुपारीं साडेतीनच्या सुमारास अमेरिकेंतील सेंचुरीलिंक कंपनीच्या जाळ्यांत एक चुकीचा नियम पसरून मोठा बिघाड झाला होता, आणि त्याची झळ सुमारें पांच तास जगभर लागत होती. खेळाडूच्या घरांतला कोणताही उपाय येथें चालला नसता. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनीं भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिलें.

दोन्ही प्रसंगीं पटावर दिसलें तें एकच : घड्याळ चाललें आणि मोहरा हलला नाहीं. निवाडे मात्र वेगळे झाले. अर्मेनियाच्या मनांतला सल त्यामुळें गेला असेल असें नाहीं. परंतु धागा कोठें तुटला हें कळल्यावांचून जोडणी दुरुस्त होत नाहीं आणि न्यायही करतां येत नाहीं, एवढें यांतून निश्चित दिसतें.

दिव्या देशमुख पुढें २०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बातूमी येथें, २०२० च्या आपल्याच संघांतील कोनेरू हंपीला हरवून, महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तेथें दोघी समोरासमोर बसल्या होत्या; मध्यें कोणतीच तार नव्हती. कन्हेरीच्या मुलाला मात्र पोलंडचा गडी ओसरीवर मिळावयाचा नाहीं. त्याची वाट त्या कांचेच्या केसांतूनच जाते. म्हणून वडिलांनीं राउटर कपाटामागून बाहेर काढावा, आजोबांनीं वही सांभाळावी, आणि मुलानें दोहोंपैकीं एक जोडणी बंद करून मग डाव मांडावा. एवढें करूनही तो मोडलाच, तर जोडणी येतांच प्रतिपक्ष्याला दोन ओळी लिहून कळवावें कीं, वाट तुटली होती, गडी उठला नव्हता.